जांभळ्याचे पिवळे

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात आमच्या वहिनींवर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. पुढे केमोथेरपीच्या फेऱ्या आणि थंडी सरता सरता रेडिएशन. घरात असे आजारपण आले की भेटायला येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. कोणी अंगारा आणतो, कोणी गव्हांकुरांचा रस, कोणी नुसताच सल्ला. रेडिएशन सुरू व्हायच्या आठवड्यात एका नातेवाइकाने कॅप्सूलची बाटली आणून दिली. तिच्यावर लिहिले होते, 'उपळसरीच्या मुळांचा अर्क : शक्तिशाली अँटिऑक्सिडंट', आणि खाली बारीक अक्षरांत 'आयसी-५०' असे लिहून एक आकडा.

वहिनींनी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे. बाटलीपेक्षा त्या आकड्यानेच त्यांना जास्त छळले. "भाऊजी, हा आकडा जितका लहान तितकं औषध चांगलं, असं सांगून गेले ते. लहान असून चांगलं कसं? आणि मुख्य म्हणजे, रेडिएशन चालू असताना मी हे घेऊ की नको?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना तिथल्या तिथे दिले : बाटली डॉक्टरांना दाखवा, आणि ते सांगेपर्यंत झाकण उघडू नका. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे, असे मला वाटत होते. मी ना वैद्य, ना रसायनशास्त्रज्ञ. बांध-डोंगर हिंडत आणि मिळेल ते वाचत वनस्पती शिकलेला माणूस. उपळसरी तर ओळखीची, लहानपणी मुळे चघळलेली. पण त्या आकड्याचा माग काढायला बसलो आणि त्यात आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांचा हा हिशेब.

आधी वनस्पतीची ओळख. उपळसरी, उपरसाळ, अनंतमूळ ही मराठी नावे. संस्कृतात सारिवा, दक्षिणेत नन्नारी. शास्त्रीय नाव हेमिडेस्मस इंडिकस. कुंपणावर, बांधावर, खडकाळ माळावर आढळणारी बारीक वेल. पाने एकाच वेलीवर कधी गवतासारखी अरुंद, कधी लांबट गोल. पण मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पांढरट पट्टा असला की ओळख पटते. पान तोडले की चीक येतो, कारण ही रुईच्या गोतावळ्यातली. मूळ पेन्सिलीएवढे जाड, लांबच लांब, तपकिरी काळपट सालीचे. हाताने मोडले की गोड वास दरवळतो. तो वास ज्या द्रव्याचा, त्याचे नाव लांबलचक आहे : २-हायड्रॉक्सी-४-मेथॉक्सी बेन्झाल्डिहाइड. आइस्क्रीममधल्या व्हॅनिलाचे मुख्य द्रव्य व्हॅनिलिन, त्याचा हा सख्खा भाऊ म्हणता येईल. अणू तेच आणि तितकेच, फक्त त्यांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या. इंग्रजांना या मुळात अमेरिकेतल्या सार्सापरिलाचा पर्याय दिसला आणि १८६४च्या ब्रिटिश फार्माकोपियात त्याला जागा मिळाली.

आपल्याकडची नोंद अर्थातच फार जुनी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या चौथ्या अध्यायात औषधींचे दहा-दहांचे पन्नास गट दिले आहेत. त्यांपैकी ज्वर कमी करणाऱ्या, दाह शमवणाऱ्या, कंठाला हितकर आणि स्तन्य शुद्ध करणाऱ्या गटांत सारिवा आहे. हे गट कसे केले आहेत ते पाहण्यासारखे आहे : रोग्याला काय होते आहे आणि औषधाने त्याच्यात काय फरक पडतो, यावरून. अँटिऑक्सिडंट असा गट तिथे नाही, असण्याचे कारणही नाही. अलीकडे पुष्कळ लेखांत 'दाह म्हणजेच ऑक्सिडेशन, आणि दाहशामक म्हणजेच अँटिऑक्सिडंट' असे समीकरण ठोकून दिलेले असते. मला ते दोन्ही बाजूंवर अन्याय करणारे वाटते. हातापायांची आग होणाऱ्या माणसाची तक्रार आणि परीक्षानळीतल्या इलेक्ट्रॉनांची देवघेव या दोन गोष्टी एकच आहेत असे म्हणायचे तर मधली साखळी कडी-कडीने दाखवावी लागेल. ती न दाखवता नुसते नाव बदलले की संशोधन झाले, असा आपला एक समज होऊन बसला आहे.

अँटिऑक्सिडंट हा शब्द मुळात वैद्यकातला नाहीच. तो रबराच्या आणि तेलातुपाच्या धंद्यातून आला. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले की डब्याच्या तळाशी राहिलेल्या करंजीचे खोबरे खवट लागते. स्निग्ध पदार्थाच्या लांब रेणूंवर हवेतल्या ऑक्सिजनचा हल्ला होतो, एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो आणि साखळी सुरू होते. या साखळीत मध्येच हात घालून ती तोडणारे द्रव्य म्हणजे अँटिऑक्सिडंट. तेलाच्या पिशवीवर बारीक अक्षरांत त्याचे नाव छापलेले असते. इथे शब्द अगदी चपखल बसतो.

साखळी पुढे नेणारा तो बिघडलेला रेणू म्हणजे मुक्त मूलक. रेणूंत इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात. एकटा पडलेला इलेक्ट्रॉन घेऊन हिंडणारा रेणू जोडीदारासाठी दुसऱ्याकडून ओढाताण करतो. (गंमत अशी की इंग्रजी 'रॅडिकल' हा शब्द लॅटिनमधल्या मूळ या अर्थाच्या शब्दावरून आला, आणि आपल्या परिभाषाकारांनीही 'मूलक' म्हणून मूळ शाबूत ठेवले. मुळांच्या अर्काने मूलकांचा बंदोबस्त करायचा, अशी ही भाऊबंदकी आहे.) असे मूलक सुटे राहू शकतात हे १९०० साली मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग याने दाखवले, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांना ते पटायला जड गेले. मग १९५६ साली अमेरिकेतच डेनहॅम हार्मनने मांडले की म्हातारपण हे शरीरात तयार होणाऱ्या मूलकांनी केलेल्या नासधुशीचे फळ असावे. १९६९मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांना अशा एका मूलकाचा निकाल लावणारे विकर प्राण्यांच्या पेशींत सापडले आणि हार्मनच्या कल्पनेला वजन आले. करंजीचे खोबरे आणि माणसाचे शरीर यांच्यातली उपमा तिथपासून लोकप्रिय झाली. उपमा म्हणून ती वाईट नाही. मात्र खोबरे मेलेले असते.

आता वहिनींचा आकडा. तो बहुधा ज्या परीक्षेतून येतो तिचे नाव डीपीपीएच. हा एक सेंद्रिय मूलक आहे, पण स्वभावाने इतका शांत की बाटलीत भरून कपाटात ठेवता येतो. तो १९२२ साली गोल्डश्मिट आणि रेन यांनी जर्मनीत तयार केला. मिथेनॉलमध्ये विरघळवला की गडद जांभळा रंग येतो. त्याला कोणी हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन दिला की त्याचे एकटेपण संपते आणि जांभळे पिवळे होते. १९५८मध्ये मार्सडेन ब्लॉइसने 'नेचर'मध्ये दोन पानांचा लेख लिहून सुचवले की या रंगबदलावरून एखाद्या पदार्थाची अँटिऑक्सिडंट शक्ती मोजता येईल. पद्धत स्वस्त, सोपी आणि अर्ध्या तासात होणारी. अर्क घाला, अंधारात ठेवा, ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते पाहा. जांभळा रंग निम्मा उतरवायला अर्काचे जेवढे प्रमाण लागले, तो आयसी-५०. म्हणजे कमी माल घालून काम झाले तर आकडा लहान. वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "मग हा निव्वळ भाव झाला की! शंभर रुपयांत किती येतं, त्याच्या उलटा."

भावच तो. फक्त बाजार कोणता, ते विचारायला हवे.

माझा एक मित्र महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका रविवारी त्याच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघे बसलो. मूळ मी आमच्या बांधावरून स्वतः काढले होते, पानाफुलांसकट, म्हणजे ओळखीबद्दल शंका नको. सावलीत वाळवून, कुटून, त्याचा एक भाग मिथेनॉलमध्ये भिजवला. दुसऱ्याचा शार्ङ्गधराच्या मापाने काढा केला : सोळापट पाणी आणि आटवून आठवा हिस्सा. तुलनेला क जीवनसत्त्व घेतले. तोवर सगळे शिस्तीत चालले होते. मग मित्राने टेबलावरच्या डब्यातली चहाची पूड घेतली, मी खिशातली सुपारी काढली, आणि तेवढ्याच वजनाचे त्यांचेही अर्क केले.

आमचे आकडे इथे देत नाही. एका दिवसाच्या, एका वेलीच्या मुळावरच्या प्रयोगाला तेवढी किंमत नाही. क्रम मात्र सांगतो. चहाने आणि सुपारीने जांभळ्याचे पिवळे इतक्या झटपट केले की अर्क आणखी पातळ करून पुन्हा मोजावे लागले. उपळसरीचा मिथेनॉलमधला अर्क त्यांच्या बराच मागे आणि काढा त्याच्याही मागे. आणि ज्या वासासाठी उपळसरी ओळखली जाते, त्या वासाच्या द्रव्याचा या शर्यतीत फारसा उपयोग नसतो. त्याच्याकडे देण्याजोगा हायड्रोजन आहे, पण शेजारच्या ऑक्सिजनने तो आतल्या आत धरून ठेवला आहे. जांभळा रंग उतरवतात ती मुख्यतः सालीतली टॅनिन आणि तत्सम फेनॉल जातीची द्रव्ये, जी चहात, सुपारीत, हिरड्यात, बाभळीच्या सालीत कितीतरी जास्त असतात. तुरट चव म्हणजे जवळजवळ हीच परीक्षा, जिभेवर घेतलेली.

सुपारीपाशी थोडे थांबतो. तिचा आयसी-५० बाटलीवर छापला तर बाटली हातोहात खपेल. आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हीच सुपारी, तंबाखू न घालता नुसती खाल्ली तरी, माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. यातली रसायनविद्या तर आणखी उद्बोधक आहे. पानाला चुना लावला की तोंडातले मिश्रण अल्कधर्मी होते. त्या स्थितीत सुपारीतली आणि काथातली तीच फेनॉल द्रव्ये हवेतल्या ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊ लागतात, आणि सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. विडा लाल होतो तो याच घडामोडींत. इलेक्ट्रॉन देण्याचा स्वभाव एकच. समोर डीपीपीएच असेल तर त्याला आपण अँटिऑक्सिडंट म्हणतो, समोर ऑक्सिजन आणि चुना असेल तर नेमके उलटे घडते. एकाच द्रव्याला दोन विरुद्ध बिरुदे मिळतात, कारण बिरुद द्रव्याचे नसून प्रसंगाचे असते.

प्रयोगशाळेतही हा खेळ नकळत होतो. बॅरी हॅलिवेल हे या विषयातले मोठे नाव. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले की पेशी वाढवायच्या द्रवात वनस्पतींतली काही फेनॉल द्रव्ये नुसती घातली, तरी त्या द्रवातच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. म्हणजे 'अमुक मुळाच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या' असे वाचले, तर त्या अर्काने मेल्या की बशीत तयार झालेल्या पेरॉक्साइडने, हे आधी विचारावे.

बरे, बशीतून बाहेर येऊन पोटात जाऊ. गिळलेल्या फेनॉल द्रव्यांपैकी थोडीच रक्तात पोचतात. आतडी आणि यकृत त्यांना परका माल समजून त्यांवर सल्फेट वगैरेंची लेबले चिकटवतात आणि मूत्रावाटे बाहेर काढतात. रक्तात आधीपासून क जीवनसत्त्व आणि युरिक आम्ल कितीतरी जास्त प्रमाणात असते. पेशीच्या आत ग्लुटाथायोन त्याहूनही जास्त. भरलेल्या हौदात चमचाभर पाणी, अशी बाहेरून आलेल्यांची गत. २००४ साली अमेरिकेत ऑरेगनमध्ये लोटिटो आणि फ्राय यांनी माणसांना पाच-पाच सफरचंदे खायला घालून त्यांच्या रक्ताची अँटिऑक्सिडंट शक्ती मोजली. ती वाढली. मग त्यांनी सफरचंदांत जेवढी फळसाखर असते तेवढी नुसती पाजली, तरीही वाढली. सफरचंदातल्या फेनॉलांशी संबंध नव्हता. फळसाखरेमुळे रक्तातले युरिक आम्ल वाढले होते, तेच मोजले गेले. संधिवाताच्या रोग्याला हा विनोद लगेच कळेल.

पदार्थांच्या अशा शक्तीचे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याने एका मोठ्या तक्त्यात प्रसिद्ध केले होते. परीक्षा वेगळी होती, पण जात हीच. ते आकडे कंपन्या जाहिरातींत वापरू लागल्या. शेवटी २०१२मध्ये खात्याने तो तक्ता मागे घेतला, कारण परीक्षानळीतल्या आकड्यांवरून माणसाच्या आरोग्याबद्दल काही सांगता येत नाही. आपल्याकडच्या बाटल्यांपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे.

इथवर सगळे 'उपयोग नाही' या सदरात बसेल. निरुपयोगी वस्तू माणसे हौसेने घेतात, त्याने फारसे बिघडत नाही. वहिनींच्या बाबतीत प्रश्न त्याच्या पुढचा होता.

शरीर मूलकांचा नुसता नाश करत नाही, ते मुद्दाम तयारही करते. पांढऱ्या पेशी जंतू गिळल्यावर त्यांच्यावर सुपरऑक्साइडचा मारा करतात. ज्यांना जन्मतः ते जमत नाही अशी मुले वारंवार गंभीर जंतुसंसर्गाने आजारी पडतात. जर्मनीत मिखाएल रिस्टो आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये दाखवले की व्यायाम करणाऱ्यांना क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या, तर व्यायामाने इन्सुलिनच्या कामात होणारी सुधारणा दिसेनाशी होते. व्यायामात तयार होणारे थोडेसे मूलकच शरीराला निरोप देत असतात. आणि रेडिएशन? ते ज्या वाटांनी गाठीतल्या पेशी मारते, त्यांतली एक मोठी वाट म्हणजे पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडून मूलक तयार करणे. ज्याच्यासाठी यंत्राखाली झोपायचे, त्याच्याविरुद्धचे औषध म्हणून घरी कॅप्सूल घ्यायची, असा हा प्रकार होतो. निदान बाटलीवरचा दावा खरा मानला तर होतो.

माणसांवर झालेल्या मोठ्या चाचण्या धडकी भरवणाऱ्या आहेत. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४मध्ये आले : बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेत १८,३१४ जणांवरची तशीच चाचणी जानेवारी १९९६मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के जास्त होते. कॅनडात क्युबेक प्रांतात डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्या ५४० रुग्णांवर चाचणी झाली. ई जीवनसत्त्वासोबत बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांना रेडिएशनचा त्रास कमी झाला, पण २००५मध्ये आलेल्या निष्कर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण पूरक गोळ्या घेणाऱ्यांत जास्त दिसले. त्रास कमी होणे आणि उपचार कमी पडणे, दोन्ही एकाच कारणाने होत असतील तर रुग्णाला बरे वाटण्यावर विसंबून चालत नाही. स्तनाच्या कर्करोगाबद्दल २०२० साली ख्रिस्टिन अँब्रोसोन आणि सहकाऱ्यांनी ११३४ रुग्णांच्या माहितीवरून लिहिले : केमोथेरपीच्या आधी आणि चालू असताना अँटिऑक्सिडंट पूरके घेणाऱ्यांत रोग परतण्याकडे कल जास्त होता. हे निरीक्षण आहे, सिद्धता नव्हे, आणि ते जीवनसत्त्वांसारख्या पूरकांबद्दल आहे, उपळसरीबद्दल नव्हे. पण बाटली ज्या गुणाच्या नावाने विकली जाते, तो गुण खरा असेल तर ही भीती तिलाही लागू आणि खोटा असेल तर ती घ्यायची कशाला? वहिनींनी हे वाक्य वहीत उतरवून घेतले. डॉक्टरांनीही "उपचार संपेपर्यंत बंद" एवढेच सांगितले.

मला मात्र उपळसरीबद्दल वाईट वाटत राहिले. इतक्या जुन्या औषधीला आपण जांभळ्या द्रावणाच्या परीक्षेला बसवतो, तिथे तिला चहापेक्षा कमी गुण मिळतात, आणि तरी त्याच गुणपत्रिकेवर तिला मिरवतो. तिच्याबद्दल विचारण्याजोगे प्रश्न वेगळे आहेत. कोलकात्यात आलम, ऑडी आणि गोम्स यांनी १९९४मध्ये तिच्या मुळातून एक सेंद्रिय आम्ल वेगळे केले आणि उंदरांत घोणसवर्गीय सापाच्या विषाचे काही परिणाम त्याने रोखले गेल्याचे दाखवले. (ते प्रयोगशाळेतल्या उंदरांत. साप चावला तर मूळ उगाळत न बसता दवाखान्यात पळावे.) वासाचे द्रव्य त्वचेला रंग देणाऱ्या टायरोसिनेज या विकराला अडवते, हेही प्रयोगात दिसले आहे, आणि त्वचारोगांत सारिवा वापरायची परंपरा जुनी आहे, तिथे चौकशीला जागा आहे. अश्वगंधेचेही तसेच. तिच्या मुळातली विथॅनोलाइड ही फेनॉल जातीची नाहीत, जांभळ्या परीक्षेत त्यांच्याकडून काही अपेक्षाही नाही. झोप आणि ताण यांवरचे तिचे काम, जे काही असेल ते, दुसऱ्याच वाटेने होत असणार. शिवाय जपानमध्ये मासायुकी यामामोटो यांच्या गटाने १९९०च्या दशकात शरीराच्या स्वतःच्या संरक्षक विकरांचे बटण शोधून काढले, त्यातून असे दिसू लागले आहे की वनस्पतींतली काही द्रव्ये पेशींना किंचित बोचतात आणि पेशी स्वतःची तयारी वाढवतात. म्हणजे फायदा झालाच तर तो डिवचण्याचा, शमवण्याचा नव्हे. आयसी-५०मध्ये यातले काहीच दिसत नाही.

आणखी एक गोष्ट त्या आकड्यात दिसत नाही, आणि मला ती सर्वांत जिव्हाळ्याची वाटते : मूळ कोणाचे?

पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात 'अनंतमूळ' मागितले तर जाडजूड, रसरशीत, घमघमणारी मुळे मिळण्याचा संभव असतो. उपळसरीचे मूळ इतके जाड होत नाही. ती असतात डेकॅलेपिस हॅमिल्टोनाय या दुसऱ्या वेलीची. ही आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूच्या कोरड्या डोंगरांत होते; तिथे तिच्या मुळांचे लोणचे घालतात. वासाचे द्रव्य दोघींत एकच, त्यामुळे नाकाने फरक कळणे कठीण. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी या डेकॅलेपिसचा उपयोग साठवणीच्या धान्यातल्या किडींविरुद्ध करून पाहिला आहे, त्यावरून एवढा वास वेलीने मुळात का साठवला असावा याचाही अंदाज येतो. जमिनीखाली ऊन नाही. उन्हातल्या ऑक्सिडेशनशी झगडायचे काम पानांचे. मुळाला तोंड द्यायचे असते किड्यांना आणि बुरशीला. खुद्द 'कृष्ण सारिवा' म्हणून तर क्रिप्टोलेपिस आणि इक्नोकार्पस अशा आणखी दोन वेलींची मुळे चालतात. ओळख पटवायची तर सालीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, किंवा पानाफुलांसह वाळवलेला नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणासारख्या ठिकाणी दाखवून घ्यावा लागतो. शोधनिबंध वाचताना मी आता आधी तेवढेच पाहतो : नमुना कुठे ठेवला आहे? बाजारातून आणलेल्या मुळाला उपळसरी समजून काढलेला आकडा किती दशांश स्थळांपर्यंत दिला आहे, याला मग अर्थ राहत नाही. उलट मुळात कोणी बाभळीची साल मिसळली तर जांभळ्या परीक्षेत त्या मुळाचे गुण वाढतील. भेसळीला बक्षीस देणारी ही परीक्षा आहे.

आणि मूळ काढले की वेल जाते. पाने खुडली, फळे तोडली तर वेल उरते. मुळाचे तसे नाही. डेकॅलेपिस तर आता संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. आमच्या बांधावर माझ्या लहानपणी उपळसरीची सात-आठ ठिकाणे मला पाठ होती. या उन्हाळ्यात प्रयोगासाठी गेलो तेव्हा दोन सापडली. त्यांतले एक मी खणले, तेही अर्धेच. वरचा डेखा आणि मुळाचा वीतभर तुकडा मातीत तसाच ठेवला. पहिल्या पावसानंतर पट्टेदार पाने फुटली आहेत.

काढा करतानाची एक गोष्ट राहिली. काढा आटत गेला तसा घरभर वास सुटला, आणि भांड्यात मात्र वास उरला नाही. दुसऱ्या दिवशी मूळ कुटून सहापट गार पाण्यात रात्रभर भिजत घातले, शार्ङ्गधर ज्याला हिम म्हणतो तसे. सकाळी पाणी सुगंधी होते. दक्षिणेत नन्नारीचे सरबत का करतात आणि उकळून काढा का पीत बसत नाहीत, हे मला त्या पेल्याने समजावले. जांभळ्या परीक्षेत हा हिम काढ्यापेक्षाही मागे पडला.

वहिनींचे रेडिएशन केव्हाच संपले आहे. तपासण्या सध्या तरी ठीक येतात. ती बाटली त्यांनी मला देऊन टाकली, "तुमच्या प्रयोगाला घ्या" म्हणून. त्याच प्रयोगशाळेत मित्राने आणि मी एक कॅप्सूल उघडली. आत बारीक, तपकिरी, कोरडी भुकटी होती. दोघांनी आळीपाळीने नाकाशी धरली. उपळसरीच्या वासाचा मागमूस नव्हता. चिमूटभर जांभळ्या द्रावणात टाकली. मित्र घड्याळ लावायला वळला, तो परत फिरेपर्यंत द्रावण पिवळे झाले होते.